लबाडीचं वजन आणि खरं वजन

६ मे, मंगळवार

काटा आला. सूनबाईने ऑफिसातून येताना आणला. काचेचा, चपटा. मला वाटलं नवीन ट्रे आणलाय. मी त्यावर चहाचे कप मांडायला निघाले, तर म्हणते, "आई, त्यावर कप नाही, आपण उभं राहायचंय."

राहिले उभी. लाल आकडे लुकलुकले, मग थांबले. बहात्तर पॉइंट सहा. इतकं तोंडावर मला आजवर कुणी बोललं नव्हतं. सासूबाईसुद्धा आडून बोलायच्या.

पण काटा माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी. रविवारी यांना दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय दमलंय. दमलेल्या हृदयाला पाणी पुढे ढकलवत नाही, मग ते अंगात साठतं — आधी पायात, मग छातीत. पण डोळ्यांना दिसायच्या आधी ते वजनात दिसतं. म्हणून रोज सकाळी वजन करायचं. संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज तसल्याच कपड्यांत. घरी सोडलं तेव्हा चौसष्ट भरले. "आजी, चौसष्ट हा आपला आकडा. दोन किलो वाढले की लगेच मला फोन. उद्या बघू, परवा बघू करायचं नाही." मग यांच्याकडे वळून, "आणि आजोबा, सुजलेले पाय मोज्यांत लपवायचे नाहीत."

मागच्या वेळी लपवले होते. भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे! मी म्हटलं थंडी वाजत असेल. आतून पाय टम्म.

डॉक्टरीणबाई वयाने अगदी कोवळी आहे, पण बोलते मुख्याध्यापिकेसारखी. मला आवडली.

हे मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेत. काही विचारा, "हं." सूप आवडलं का? "हं." उशी उंच करू? "हं." शेवटी म्हटलं, घराला आग लागलीय. "हं."

७ मे

काट्याने आज माझा दिवस खाल्ला.

सूनबाई म्हणाली, काटा न्हाणीघरात ठेवतात. ठेवला. यांना धरून नेलं, उभं केलं. त्रेसष्ट पॉइंट एक. बरं वाटलं. खात्री करावी म्हणून उतरवून पुन्हा चढवलं, तर चौसष्ट सहा. पुन्हा, त्रेसष्ट आठ. म्हटलं, "अहो, उभ्या उभ्या दीड किलो जेवलात काय?" "हं." तीनदा चढले, तीनदा उतरले, एकदाही विचारलं नाही की चाललंय काय. मला त्याचंच वाईट वाटलं. एरवी या माणसाने मला, काट्याला आणि काटा आणणारीला, तिघांनाही धारेवर धरलं असतं.

यांना निजवलं आणि काट्याच्या मागे लागले. आधी भांडं ठेवून बघितलं, मग सुचलं — तांदळाची दहा किलोची पिशवी आहे की! कालच दुकानातून आली, शिवण अजून उसवलेली नाही. तिच्या पोटावर छापलंय दहा, मग दहाच भरली पाहिजे. न्हाणीघरात भरली साडेनऊ. हलवली, दहा पॉइंट चार. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं. फरशी मोरीकडे उतरती आहे. असायलाच हवी, नाहीतर पाणी जाणार कुठे? पण काट्याला पाय चार, आणि उतारावर एक पाय कायम अधांतरी. अर्ध्या पोटाने उभ्या राहिलेल्या माणसाला नीट बोलता येतं का, तसं त्याचं.

मग काटा आणि तांदूळ घेऊन घरभर फिरले. खोलीत सतरंजीवर तर आठच किलो! सतरंजी अर्धं वजन गिळून बसते. स्वयंपाकघरात एक फरशी डगमगती. शेवटी बाहेरच्या बोळकांडीत, चपलांच्या रॅकजवळ, सपाट फरशी सापडली. दहा. पुन्हा दहा. पुन्हा दहा. मला इतका आनंद झाला की तांदळाच्या पिशवीला थोपटलं.

जागा हलू नये म्हणून काट्याच्या चार कोपऱ्यांना फरशीवर खुणा केल्या. खडू पुसला जाईल म्हणून नेलपॉलिशच्या.

"आई, ती पार्टीची होती."

"अगं, एवढी एवढीशी लावली."

"एवढी एवढीशीच होती."

८ मे

चौसष्ट. खात्रीला दुसऱ्यांदा घेतलं, तेही चौसष्ट. आता काटा वळणावर आला.

१० मे

शेजारीण आली होती, शिवणकामवाली. यांना बघायला म्हणून आली आणि काटा बघून बसली. म्हणाली, मीही चढते. आधी चपला काढल्या. मग चष्मा. मग कानातले. मग गळ्यातली मोजायची टेप काढून माझ्या हातात दिली. तरी जे व्हायचं ते झालंच.

"तुमचा काटा जास्त दाखवतो हो."

तिच्या दुकानात बायका येतात आणि म्हणतात, तुमची टेप आटलीय. तेव्हा ही आठवडाभर हसत असते.

मी मात्र पुन्हा चढायचं नाही ठरवलंय. बहात्तर पॉइंट सहा, एकदा कळलं तेवढं पुरे. मी खाली बसून आकडा वाचायचा, यांनी वर उभं राहायचं.

यांचं आपलं "हं" चालूच. जेवण मिळमिळीत, मीठ नावाला. पाणीसुद्धा मापून, चहा दोनदाच. दवाखान्यातून शरीर आणलं, माणूस तिकडेच राहिला असं वाटतं. लेकाचा फोन आला लांबून, "बाबा काय म्हणतात?" म्हटलं, बाबा म्हणतात हं.

१२ मे, सोमवार

लिहिताना हसू येतंय, अक्षर वाकडं जाईल. जाऊ दे.

सकाळी काट्यावर यांना उभं केलं. त्रेसष्ट पॉइंट दोन. काल चौसष्ट होते. म्हटलं, हे कसं? वर बघितलं. हे छताकडे बघताहेत, साधुपुरुष. मग सहज समोरच्या आरशात नजर गेली. उजव्या हाताची करंगळी चपलांच्या रॅकवर! नुसती टेकलेली, फुलपाखरासारखी.

आता या माणसाचं काम काय होतं? पार्सल काउंटर! उभी हयात पार्सलं तोलण्यात गेली. लोक पार्सल काट्यावर ठेवायचे आणि खालून हळूच बोट लावून उचलून धरायचे, भाडं कमी पडावं म्हणून. हे लाकडी पट्टीने त्यांच्या बोटांवर टपकन मारायचे. घरी येऊन मला करून दाखवायचे. मंत्र्याचं बोट असलं तरी सोडणार नाही म्हणायचे.

आणि आज स्वतःची करंगळी!

"छान, उतरा," म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराऐवजी ओट्याचं फडकं तोंडात कोंबलं. इतके दिवस घरात एक पार्सल येऊन पडलं होतं. आज पार्सलवाला आला.

दुपारी खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा उघडला. निम्मा! सूनबाई खात नाही. मी खाते, पण मला माझं माहीत असतं.

१३ मे

सकाळी उठल्या उठल्या रॅक हलवला, पार दाराशी नेला.

"रॅक का हलवला?"

अहाहा! तीन शब्द. घरी आल्यापासूनचं पहिलं वाक्य.

"झाडायला."

"जोडे हाताशी असावे लागतात माणसाला."

"का? कुठे निघालात?"

"हं." पण हा "हं" निराळा. यात फणकारा होता.

काट्यावर आले ते काठी घेऊन. काठीशिवाय तोल जाईल म्हणाले. तोलाची मलाही काळजी, म्हणून काठी सोडली नाही, पण काठीवर किती भार टाकलाय हे कसं कळणार? बासष्ट पॉइंट पाच म्हणे. काठी किती खाऊन बसली ते काठीलाच ठाऊक. मग म्हटलं, काठी द्या, माझ्या खांद्याला धरा. तर खांद्यावर असा काही भार टाकला की मीच खाली बसले. एकसष्ट! हे म्हणाले, "मिठाशिवाय जेवण, दुसरं काय होणार."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

१५ मे

काट्याखाली सतरंजीचा तुकडा! पहाटे कधी उठून सरकवला देव जाणे. "पायाला गार लागतं."

"अहो, मग पायाखाली घाला ना. काट्याखाली कशाला?"

"काट्यालाही गार लागत असेल."

सतरंजी वजन गिळते हे मी सूनबाईला सांगत होते तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते. झोपलेले! भिंतीला कान असतात, तसे भिंतीकडे तोंड केलेल्यालाही असतात.

आज दोन्ही जेवणांना उठून टेबलाशी बसले.

१६ मे

लांब पायजमा. आत एक टाच जमिनीवर टेकवलेली. पायजमा वर करायला लावला. "बायकोसमोर अब्रू नाही," म्हणाले.

१७ मे

आता सगळी दारं बंद केली. रॅक नाही, सतरंजी नाही. काठी फक्त काट्यावर चढेपर्यंत, मग माझ्या हातात. भिंतीपासून लांब, पायजमा घोट्याच्या वर. आकडा चौसष्ट पॉइंट तीन. पुन्हा चढवलं, चौसष्ट तीन. सूनबाईला सांगितलं, चोर सुधारला नाही पण चोरीची सोय उरली नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही बाबांशी भांडताय की खेळताय?"

या वयात त्यात फरक असतो का?

१८ मे, रविवार

आज पुन्हा चौसष्ट पॉइंट तीन. काल तेच, आज तेच. मी काट्यावर खूश. पण शेंगदाण्यांचा डबा आता तळाला लागलाय, आणि संध्याकाळी यांचे मोजे काढले तर घोट्यावर मोज्याची वळी उमटलेली होती. मग आकडा एका जागी कसा?

शपथ मोडून स्वतः चढले. बहात्तर पॉइंट नऊ. (ते सोडा.) मग दोन मोठे ग्लास पाणी प्यायले, घटाघट. पुन्हा चढले. बहात्तर पॉइंट नऊ!

पाणी गेलं कुठे? माझ्या पोटात आहे, मला जाणवतंय, चालताना डुचमळतंय. काटा म्हणतो नाही.

सूनबाईला हाक मारली. तिने खोक्यातला कागद शोधला, त्यातली मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि हसायलाच लागली. "आई, हा शेवटचा आकडा लक्षात ठेवतो. पुढचं वजन त्याच्या जवळपास आलं तर पुन्हा तोच आकडा दाखवतो."

"का म्हणून?"

"लोकांना बरं वाटावं म्हणून. दोनदा चढलं आणि दोनदा वेगळं आलं तर लोक म्हणतात काटा बिघडला."

म्हणजे मी ज्याला खरेपणा समजत होते तो नुसता हेका! माझे एक मामेसासरे होते असे. काहीही विचारा, "मघाशी म्हटलं तेच." लोक म्हणायचे, काय ठाम माणूस. अहो, त्यांना ऐकूच यायचं नाही.

यावर उपाय सूनबाईनेच काढला. मध्ये काहीतरी भलतंच ठेवायचं, म्हणजे हा आधीचं विसरतो. तांदूळ ठेवले, दहा. मग मी चढले, त्र्याहत्तर पॉइंट चार. आलं बघा पाणी वर!

मग आठवलं, त्या दिवशी बोळकांडीत तांदूळ तीनदा दहा भरले होते तेही असंच नसेल ना? पुन्हा तांदूळ, मग मी, मग तांदूळ, मग सूनबाई, मग तांदूळ. प्रत्येक वेळी दहा. तेवढं खरं निघालं. सूनबाईचा आकडा मी लिहिणार नाही, तिने तसं बजावलंय.

१९ मे

आधी तांदूळ, मग हे.

"माझ्याआधी तांदळाचा मान?"

"तो लबाडी करत नाही."

पासष्ट. म्हणजे थोडं यांनी लपवलं, थोडं काट्याने. चोर चोर मावसभाऊ.

डबा उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवला.

२० मे, मंगळवार

सहासष्ट.

काटा पुसला, तांदूळ ठेवले, पुन्हा यांना चढवलं. सहासष्ट. कुठेही हात नाही, टाच नाही. पाय हाताने दाबून बघितला, बोटाचा खड्डा तसाच राहिला.

मी फोनकडे गेले तर यांनी हात धरला. "आजचा दिवस जाऊ दे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"तू माझ्या बाजूची की त्या पोरीच्या?"

मग बसले आणि बोलले. दवाखान्यातून आल्यापासून एवढं बोलले नव्हते. शेजारच्या खाटेवर एकजण होता, रंगारी. दोघं मिळून एक पेपर वाचायचे. आधी अर्धा यांनी, अर्धा त्याने, मग अदलाबदल. एका सकाळी हे जागे झाले तर रंगाऱ्याच्या खाटेवर नवी चादर, कोपरे कडक दुमडलेले. कुणी काही सांगितलं नाही, यांनी कुणाला विचारलं नाही. अर्धा पेपर यांच्याकडेच राहिला. "तिथे परत गेलो तर माझीही चादर बदलतील," म्हणाले. अगदी साधं, भाजीचा भाव सांगावा तसं.

म्हणजे हे सगळं त्यासाठी होतं. करंगळी, सतरंजी, सगळं. मी आपली हसत होते.

म्हटलं, "मी तुमच्याच बाजूची." आणि फोन लावला.

सूनबाईने सुट्टी टाकली, आम्ही तिघं गेलो. मला बाहेर बाकावर बसवलं. भिंतीवरचं चित्र बघत बसले, फुलदाणीचं. चांगलं होतं की वाईट, आता आठवत नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई यांना घेऊन बाहेर आल्या. "सुईवर भागलं. गोळी वाढवलीय. घरी न्या." मग यांच्यासमोर मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "आजींनी लवकर फोन केला म्हणून खाट वाचली. आणखी चार दिवस गेले असते तर मी सोडलं नसतं."

यांनी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं, पण ऐकलं.

२२ मे

गोळीने यांची धावपळ उडवलीय. संडास ते खाट, खाट ते संडास. माझ्याशी बोलत नाहीत. आज चौसष्ट पॉइंट सात.

"हं"सुद्धा नाही. सूनबाईला म्हणतात, "तुझ्या सासूला सांग, पाणी तापलंय." मी तिथेच उभी, हातभर अंतरावर.

२३ मे

शेरास सव्वाशेर झाले आज.

अबोला तिसऱ्या दिवसावर गेला, म्हटलं आता पुरे. हे काट्यावर उभे राहिले, हात बांधून, फुगलेले. मी मागे उभी. तांदळाने काटा विसरवून ठेवलाच होता. हळूच माझ्या पायाचा अंगठा काट्याच्या मागच्या कडेवर ठेवला आणि रेटला.

"बाई गं, सत्तर!"

"काय?"

"सत्तर पॉइंट दोन."

"शक्य नाही." हे खाली वाकले. चष्मा नव्हता, पण आकडे मोठे, दिसले. चेहरा उतरला. "अगं, मी तर काही… कालपासून नुसता धावतोय मी… असं कसं…" मग थांबले. पार्सलवाल्याचं डोकं ते. एकदम मागे वळले आणि माझा अंगठा पकडला, रंगेहाथ. रंगेपाय म्हणायला हवं.

"पट्टी कुठंय माझी?"

आणि हसले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. मी पाठ चोळतेय आणि मीही हसतेय. सूनबाई दात घासता घासता धावत आली, तोंडात फेस. तिला वाटलं काहीतरी झालं.

झालंच होतं.

२४ मे, शनिवार

तह झाला. सूनबाई साक्षीला.

रोज दोन वजनं. पहिलं लबाडीचं. त्यात यांनी हवं ते करायचं आणि मी पकडायचं. पकडलं तर दिवसभर खिडकीतली खुर्ची माझी, नाही पकडलं तर यांची. मग तांदूळ. मग दुसरं, खरं वजन. त्यात हात मोकळे, नजर समोर, गुपचूप. डॉक्टरीणबाईंना दुसरं सांगायचं.

आज खुर्ची माझी. यांनी सूनबाईची छत्री काठीसारखी पाठीमागे टेकवली होती. शेंबडं पोरही ओळखेल.

२६ मे

खुर्ची यांची! लबाडीचं वजन साडेबासष्ट, आणि मला काही सापडेना. हात बघितले, टाचा बघितल्या, पायजमा वर करायला लावला, मागे फिरून बघितलं. काटा खुणांवर बरोबर चार कोपरे धरून बसलेला. हरले. त्या रागात तांदळाचा आकडाही बघितला नाही.

दुपारी फरशी पुसताना कळलं. खुणा! माझ्या नेलपॉलिशच्या खुणा खरवडून काढल्या होत्या आणि वीतभर बाजूला नव्या केल्या होत्या, जिथे फरशीचा एक कोपरा उचललेला आहे तिथे. तोच रंग. तो रंग कुणाकडे असतो?

"अगं, तू घरभेदी."

"बाबा म्हणाले वाढदिवसाला नवी बाटली देईन."

हे खिडकीत बसून पाय हलवत होते.

२८ मे

तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाय दाबले, खूश. मग माझ्याकडचे आकडे विचारले. मी घाईत दोन्ही सांगितले.

"एका दिवसाची दोन वजनं कशी?"

आता सांगावं लागलं. खुर्चीपर्यंत सगळं. हे दुसरीकडे बघत होते. मला वाटलं मुख्याध्यापिका रागावणार. ती खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की बाहेरच्या नर्सने डोकावून बघितलं. मग डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, मला पण एक शिकवा."

"तुमच्या काट्याला कठडा आहे. कठडा असला की काहीही करता येतं."

तिने लगेच वळून कठड्याकडे बघितलं. बिचारी! आता रोज बघत बसेल.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, चालू द्या. पण खरं वजन विसरू नका." म्हटलं, तांदूळ विसरू देत नाही.

२९ मे

खुर्ची माझी. खिशात फुगा! गॅसचा फुगा! याने वजन कमी होतं असं यांना खरंच वाटलं की मला हसवायला आणला, ते काही सांगेनात. शेजारणीच्या दुकानात लहान मुलांसाठी ठेवलेले असतात, तिथून मागून आणला म्हणे. म्हणजे जिना उतरून गेले होते! काठी घेऊन, एकटे, मला न सांगता.

रागावले. मग आत जाऊन मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

खरं वजन चौसष्ट.

३१ मे

तांदळाची पिशवी आज उसवावी लागणार होती, डब्यातले संपले. हे आडवे आले. "तिला हात लावायचा नाही. ती नोकरीवर आहे." सूनबाईने दुसरी आणली.

आज खुर्ची यांची. कसं केलं अजून कळलं नाही. विचारलं तर म्हणाले, "धंद्याचं गुपित." पूर्ण दुपार विचार करून डोकं दुखलं. सूनबाई शपथेवर सांगते, यात ती नाही. संध्याकाळी पुन्हा विचारलं. "उद्या सांगतो." पेपर मोठ्याने वाचून दाखवला मला, अख्खा. क्रिकेटसकट. मला क्रिकेट कळत नाही, पण थांबवलं नाही.

१ जून

नाही सांगितलं. खुर्ची पुन्हा यांची. मी आता डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

३ जून, मंगळवार

सकाळी हे म्हणाले, "आज पहिलं राहू दे. नुसतं खरं घे."

तांदूळ ठेवले, काढले. हे चढले. चौसष्ट, अगदी हवा तो आकडा. पाय दाबून बघितले, खड्डा नाही. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. म्हटलं, बसा तिथे, आज तुमचीच. "हं," म्हणाले आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"वजन वाढलं का आजी?"

"नाही. बरोबर आहे."

"मग?"

"आज त्यांनी लबाडी केली नाही. गाडी पाठवा."